शॉट झाल्यावर

२ जानेवारी १९९४, रविवार

अण्णाच्या मिशीपायी आज सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. सिनेमावाल्यांचा निरोप आला की मिशीची टोकं वर वळलेली हवीत. वहिनीनं मेण तापवलं, शेजारच्या हवालदाराच्या घरून दुसरा आरसा आणला, आणि मी चुलीवरचं दूध सोडून आरसा धरून उभी राहिले. दूध उतू गेलं. बोलणी मला बसली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ कल्याणराव, इथल्या ठाण्याचा फौजदार. वर्षा-दोन वर्षांतून सिनेमातही फौजदार होतो. तीन सिनेमे झाले. दोहोंत तो अगदी शेवटी येऊन बेड्या घालतो, तिसऱ्यात त्याला एक वाक्य आहे. या चौथ्यात बरीच वाक्यं आहेत, आणि शूटिंग आमच्याच गावात, गावचे पुढारी आबासाहेब यांच्या मळ्यात. बालवाडीतली लेकरं मला कालपर्यंत बाई म्हणायची, आज म्हणाली, "हिरोची बहीण आली." मी त्यांच्यावर खेकसले. घरी येईपर्यंत त्याचंच वाईट वाटत राहिलं. लेकरांवर राग काढण्यापेक्षा इथं काढावा, म्हणून हे लिहायला घेतलं.

लिहायचं तर अण्णानं शिकवलं तसंच लिहीन. वडील रेल्वेत गँगमन, आम्ही पिंगळीच्या क्वार्टरात. शाळा रुळांपलीकडं, आई मला धाडेना. अठ्ठ्याहत्तर साली मी सात वर्षांची होते आणि अण्णा पोलिसात नवा शिपाई. त्या वर्षीच्या नामांतराच्या दंगलीचा बंदोबस्त आटोपला आणि तो सहा महिने रजा घेऊन घरी आला, केवळ मला शिकवायला. दिवसभर ओसरीच्या भिंतीला पाठ लावून बसायचा. पोखर्णीच्या जत्रेला सगळे गेले, हा गेला नाही. बाजारातसुद्धा जायचा नाही. इतकं कोणता भाऊ करतो? पाटीवर तीन रकाने आखून द्यायचा. पाहिलं, ऐकलं, अनुमान. "डोळ्यानं पाहिलं ते पहिल्यात. कानानं ऐकलं ते दुसऱ्यात. अनुमान शक्यतो लिहूच नको, आणि लिहिलंस तर खोड." आणि एक नियम. वाचून दाखवल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, अंगठा तर नाहीच. मला बाराखडी यायच्या आत हे येत होतं.

५ जानेवारी, बुधवार

सिनेमाचा शर्ट इस्त्रीला आला. चकचकीत कापड, आणि खांद्यावर तीन तारे. अण्णाला दोनच आहेत. मी म्हटलं, हे खोटं आहे. तो म्हणाला, "सिनेमाच खोटा हाय की नीलू." हसला. मला हसू आलं नाही. दोन तारे मिळवायला त्यानं खात्याच्या परीक्षेला रात्रंदिवस अभ्यास केलेला मी पाहिला आहे. तिसरा असा सुईदोऱ्यानं लावून घ्यायचा?

आबासाहेब येऊन गेले. बालवाडी त्यांच्याच जुन्या गोदामाच्या खोलीत भरते, म्हणून मला उठून नमस्कार करावा लागतो. "काय बाई, भाऊ हिरो झाला, आता तुमाला बी हिरोईन करू का?" सगळे हसले. वहिनीसुद्धा. चहा मीच दिला.

८ जानेवारी, शनिवार

आज आग लावायचा देखावा झाला. बौद्धवाड्याच्या कडेला पडीक रानात बांबू-तुराट्यांचं खोटं छप्पर उभं केलं होतं. ते पेटवायचं, बायांनी रडायचं, काठ्या घेऊन गर्दी चालून यायची, आणि अण्णानं हात वर करायचा. "थांबा! एक पाऊल पुढं टाकाल तर याद राखा!" गर्दी थांबते.

रडणाऱ्या बाया बौद्धवाड्यातूनच आणल्या होत्या. आबासाहेबांनी हुकूम सोडला म्हणे, सगळ्यांनी यायचं. चांगुणाबाई त्यात होती. तिची मुलगी माझ्या बालवाडीत आहे. मला बघून हळूच जवळ आली.

"बाई, मला रडूच येईना. त्यो टोपीवाला म्हणायलाय, तुमचं घर जळायलंय असं समजा. मी म्हटलं, समजायचं कामून? ल्हानपणी बगितलंय की."

"मग?"

"तरी बी न्हाई आलं. मग सासू आठवली, तिचे लुळे पाय आठवले, तवा आलं."

तिनं असा हंबरडा फोडला की माझ्या अंगावर काटा आला. आणि गाव टाळ्या वाजवायला लागलं. "लय झकास करायलीय!" शिट्ट्या. चांगुणाबाई पदरानं डोळे पुसत हसली. तिला ते आवडलं की कसंनुसं झालं, सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून लिहीत नाही.

अण्णाचं काम पहिल्याच खेपेला ठीक झालं होतं. डायरेक्टर म्हणाला, झालं. अण्णा म्हणाला, आणखी एकदा. गर्दी पुन्हा मागं गेली, पुन्हा चालून आली, पुन्हा थांबली. मग आणखी एकदा. काठ्या घेतलेली माणसं आपल्या हातासरशी थांबतात हे बघताना त्याचा चेहरा इतका निवांत होतो, जसा देवघरात बसल्यावर होतो. नटवेपणा! माणसाला टाळ्यांची चटक लागली की अशी लागते. मला घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

११ जानेवारी, मंगळवार. येळवस

वेळ अमावस्येचा सण, सगळं गाव रानात. आम्हाला आबासाहेबांच्या मळ्यात बोलावणं. कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पूजा झाली. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. भज्जी इतकी चांगली झाली होती की रागातसुद्धा मी दोनदा वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर आबासाहेब अण्णाला म्हणाले, "फौजदारसाहेब, शुक्रवारी जीप लागतीय. तुमी जीपमदून येता, गर्दी थांबते, त्यो शॉट."

अण्णा म्हणाला, "शुक्रवारी चौदा तारीख. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर होणार म्हणतात. ठाणं सोडू नका म्हणून वरून आदेश आलाय."

"ठाणं सोडा कोण म्हणायलंय? मळा तुमच्या हद्दीतच हाय न्हवं? शूटिंगचा बंदोबस्त म्हणा की."

हशा पिकला. जमादार मुंजाजी अण्णाच्या हाताखाली आहेत, वयानं मोठे आहेत. ते पानाला चुना लावता लावता म्हणाले, "साहेब, चौदाला जीप ठाण्यासमोर असू द्या. शूटिंग काय, रविवारी बी हुतंय."

"डायरेक्टर बी रविवारच म्हणत हुता," आबासाहेब म्हणाले. "मीच म्हटलं, शुक्रवारी उरका. संक्रांतीचा सण, गर्दी आपसूक मिळतीय. अन् जमादार, आमच्या गावात काय हुतंय? मी बसलोय की हितं." मग अण्णाच्या गुडघ्यावर हात ठेवून, "पुढच्या पिक्चरला निम्मा भार माझा हाय. हिरोचा थोरला भाऊ तुमीच. मी सांगून ठिवलंय."

अण्णा खोपेतल्या दगडांकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं.

म्हणजे सणाच्या दिवशी अण्णा घरी नाही. वहिनीला वाणाचं सामान मीच आणून द्यायचं. कुणाला काही वाटतं का?

१४ जानेवारी, शुक्रवार

लिहवत नाही. हात साबणानं तीनदा धुतले. धुराचा वास जात नाही.

१५ जानेवारी, शनिवार

पाहिलं ते लिहिते.

उन्हं कलली होती. मळ्याच्या रस्त्यावर ठाण्याची जीप उभी, बॉनेटवर दोरखंडानं कॅमेरा बांधलेला. दोन्ही बाजूंनी माणसं तोंडावर उजेड पाडायचे चकचकीत पत्रे धरून उभी. अण्णा पुढच्या सीटवर, तोंडाला रंग, खांद्याला तीन तारे. मी त्याचा चष्मा आणि पाण्याची बाटली घेऊन बांधावर उभी. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाल्याचं दुपारीच गावात सगळ्यांना कळलं होतं. गर्दी दांडगी. गेल्या शनिवारी होती ती बौद्धवाड्यातली माणसं यात नव्हती. आबासाहेबांच्या घरची तरणी पोरंही नव्हती. सणाचं जेवून झोपली असतील. (हे अनुमान. खोडते.)

ओढ्यापलीकडं धूर दिसला. शेजारचा एक जण म्हणाला, "तिकडं बी शूटिंग चालू केलंय जनू." दुसरा म्हणाला, "आगीचा शॉट ऱ्हायला असंल." कुणी हललं नाही.

मग चांगुणाबाई आली. ओढ्यातून चढून, अनवाणी, केस सुटलेले. "साहेब! पेटवलं हो! म्हातारी आत हाय! सायेब!"

आणि गाव टाळ्या वाजवायला लागलं.

हे मला पुन्हा लिहावं लागेल, कारण लिहूनही पटत नाही. माणसं टाळ्या वाजवत होती. "परवापेक्षा भारी!" म्हणत होती. एकीनं कडेवरच्या लेकराला वर उचलून दाखवलं. डायरेक्टर ओरडला, "बाईंना बाजूला घ्या रे, आज यांचं काम नाही!" दोघांनी तिला धरून बाजूला नेलं, ती पाय झाडत होती, आणि हसणं वाढलं. ही माणसं वाईट नाहीत. त्यांच्यातल्या अर्ध्याअधिकांची लेकरं मी सांभाळते.

माझ्याजवळून नेताना तिचा हात दिसला. कोपरापासून खाली कातडी लोंबत होती. रंगाला तसला वास येत नाही.

मी जीपकडे पळाले. अण्णाच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अण्णा, हे खरं आहे. तिचा हात भाजलाय. तिची सासू सरजाबाई आत आहे. जीप काढ." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग धुराकडे. काचेची दांडी त्यानं इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. रंगावरून घामाचे ओघळ येत होते. त्या पत्र्यांचा ताप असावा.

तो म्हणाला, "शॉट झाल्यावर."

मी पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, "शॉट झाल्यावर, नीलू."

जीप पुढं गेली. गर्दी चालून आली. अण्णानं हात वर केला. गर्दी थांबली. आणि त्यानं मागं वळून डायरेक्टरला सांगितलं, आणखी एकदा. हे मी ऐकलं.

मुंजाजी दोन शिपायांना घेऊन केव्हाच पायी पळत गेले होते. मी चांगुणाबाईला धरून ओढा ओलांडला. आम्ही पोचलो तेव्हा तिच्या घराचं छप्पर खाली आलं होतं. मुंजाजींनी म्हातारीला वाकळेत घालून बाहेर काढलं होतं. चार घरं गेली होती. पेटवणारे पळून गेले होते.

जीप दिवेलागणीला आली. बॉनेटवर दोरखंडाचे वळ. अण्णा उतरला तो जीपचं दार धरूनच उभा राहिला, दार सोडून पुढं आला नाही. तोंडाला रंग तसाच. तिथं सगळे रडायचे थांबले आणि त्याच्याकडे बघायला लागले.

चांगुणाबाई म्हणाली, "रंग पुसून या, साहेब."

१६ जानेवारी, रविवार

सरजाबाई परभणीच्या दवाखान्यात वारली. चांगुणाबाईची सासू. पाय जायच्या आधी बालवाडीच्या दारात बसून लेकरांसोबत ती मोठ्यानं अ आ इ म्हणायची. ई आली की दम लागायचा, मग हसायची.

१८ जानेवारी, मंगळवार

अण्णानं वर कळवलं ते मुंजाजींकडून समजलं. "सदर प्रकार चित्रीकरणाचा भाग असावा, असा समज झाला. कोणीही प्रत्यक्ष येऊन माहिती दिली नाही." अख्खं गाव हेच सांगतं आहे, आणि गाव खोटं बोलत नाही. गावाला खरंच तसं वाटलं होतं. खोटं एकच माणूस बोलतो आहे.

जेवताना मी विचारलं.

"मी तुझ्या कानात सांगितलं होतं, अण्णा."

"गलका होता. ऐकू आलं न्हाई."

"तू उत्तर दिलंस."

"काय उत्तर दिलं?"

"शॉट झाल्यावर, म्हणालास. दोनदा."

त्यानं ताटात हात धुतला आणि उठून गेला. सात वर्षांच्या मुलीला पाटीवर रकाने आखून देणारा हाच का माणूस? ताट फेकून द्यावंसं वाटलं. फेकलं नाही, घासलं. घासताना त्याला चरे पडले.

वहिनी चुलीपुढं बसून होती. म्हणाली, "त्यांना गर्दी सोसत न्हाई, नीलम्मा. तुला ठावं न्हाई."

"गर्दी सोसत नाही? गर्दीपुढं नाचायला रजा घेतात ते?"

"ती गर्दी थांबतीय म्हणून. अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत जोडीदार शिपाई गेला त्यांचा. डोळ्यादेखत. तुला काय वाटतं, सहा महिने तुला शिकवायला बसले हुते घरी?"

माझ्या शिक्षणाचा वहिनीला पहिल्यापासून मत्सर आहे. ती तिसरीतून सुटलेली. पण आज, या दिवशी तिनं ते उकरून काढावं, याचा मला फार राग आला. आणि समजा जोडीदार गेला. म्हणून सरजाबाईनं जळायचं?

२१ जानेवारी, शुक्रवार

बौद्धवाड्यातली जळालेल्या घरांची माणसं शाळेच्या व्हरांड्यात राहतात. मी घरून भाकरी आणि पिठलं घेऊन गेले. चांगुणाबाईचा हात बांधलेला, मुलगी मांडीवर.

"या बाई. बसा. बसायला काय न्हाई, पन बसा."

मी बसले. भाकरीचं फडकं सोडलं. ती म्हणाली, "चौकशीला सायेब येणार म्हणं. काय चौकशी करत्यात बाई? समदं गाव म्हणायलंय, आमाला शूटिंग वाटलं. आता मलाच वाटायला लागलंय, शूटिंगच हुतं का काय."

"तुम्ही सांगा ना, काय झालं ते."

"मी सांगणारच की. पन मी काय, रडणारी बाई. टाळ्या वाजवत्यात लोक." मग माझ्याकडे बघून, "तुमी बी वाजवल्या का?"

"नाही!"

"न्हाई, उगं इचारलं. रागावू नका."

मी रागावले नव्हते. म्हणजे तिच्यावर नव्हते. तिनं हेही विचारलं नाही की तुम्ही साहेबाच्या कानात काय सांगितलं होतं. मला जीपकडे जाताना तिनं पाहिलं होतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येताना दोनदा वाटेत थांबले. मी सांगितलं तर अण्णाची नोकरी जाईल. नोकरी गेली तर क्वार्टर जाईल, वहिनीचं काय, पिंगळीला आईचं काय. ज्यानं मला लिहायला शिकवलं त्याच्याविरुद्ध बोलायचं? आणि नाही सांगितलं, तर सरजाबाई एका चुकीच्या समजुतीनं गेली, एवढंच उरतं. कुणाचीच चूक नाही, असं. हे डोक्यात येतं आणि माझे दात आपोआप आवळले जातात.

२४ जानेवारी, सोमवार

आबासाहेब बालवाडीत आले. लेकरांना तिळाच्या वड्या वाटल्या. मग खुर्ची ओढून बसले.

"बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला मी काय सांगावं. पन चौकशीच्या सायबानं इचारलं तर आपलं समद्यांनी सांगितलं तेच सांगा. घरातलं घरात ऱ्हाऊ द्या."

"मी पाहिलं ते सांगेन."

"पाहिलंत ते समद्यांनीच पाहिलं की. तुमचे डोळे काय येगळे हायेत का?" हसले. उठताना भिंतीवर हात फिरवला. "ही खोली गळतीय पावसाळ्यात. दुरुस्तीला काडावी लागंल. लेकरं कुठं बसवताल मग?"

हे धमकावणं होतं का काळजी, हे लिहायला मला रकाना नाही. वडी मी खाल्ली नाही. लेकरांच्या हातातून काढून घ्याव्यात असं वाटलं, पण लेकरांनी खाल्ल्या होत्या.

२७ जानेवारी, गुरुवार

डाक बंगल्यात चौकशी. बाहेरून आलेले साहेब, शेजारी लिहून घेणारा कारकून. व्हरांड्यात बाकावर आबासाहेब आणि गावची चार मोठी माणसं. अण्णाला आधीच विचारून झालं होतं. तो झाडाखाली एकटा उभा होता, माझ्याकडे पाहिलं नाही.

मी हात मांडीखाली घेऊन बसले. पण बोलायला लागले आणि आवाज स्थिर निघाला. पाहिलं ते सांगितलं. ऐकलं ते सांगितलं. चांगुणाबाईचा हात, जीप, माझं वाक्य, अण्णाचं वाक्य, दोनदा.

"फौजदारांना ते शूटिंग वाटलं असेल, असं नाही वाटत तुम्हाला?"

"वाटण्याचं मी सांगत नाही. मी सांगितलं, त्यांनी ऐकलं, उत्तर दिलं."

"मग ते गेले का नाहीत?"

"माहीत नाही."

"बहीण आहात. काहीतरी अंदाज असेल."

"अंदाज सांगायचा नसतो, साहेब."

त्यांनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, येळवशीला मळ्यात ऐकलेलं बोलणं राहिलं. डायरेक्टर रविवार म्हणत होता, आबासाहेबांनी शुक्रवार ठरवला, जीप मागितली, जमादार नको म्हणाले होते. आणि शुक्रवारच्या गर्दीत आबासाहेबांच्या घरची तरणी पोरं मला दिसली नाहीत.

कारकुनाचा पेन थांबला. साहेबांनी व्हरांड्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "बरं, बरं. ते अवांतर झालं. करा सही."

मी म्हटलं, "वाचून दाखवा."

"बरोबर लिहिलंय हो."

"असेल. वाचून दाखवा."

कारकुनानं वाचलं. अण्णाचं सगळं आलं होतं, शब्दाला शब्द. येळवशीचं एक अक्षर नव्हतं.

"राहिलं," मी म्हटलं.

"काय राहिलं?"

"शुक्रवार कुणी ठरवला ते. आणि गर्दीत कोण नव्हतं ते."

"बाई, त्याचा इथं काय संबंध?"

"संबंध मला माहीत नाही. ऐकलं म्हणून सांगितलं, पाहिलं म्हणून सांगितलं. अर्ध्यावर सही कशी करू?"

ते चिडले. मी बसून राहिले. चहा आला, माझ्यापुढं ठेवला नाही. कारकून म्हणाला, गावचं राजकारण बायकांना कळत नाही. मला खरंच कळत नाही, तसं मी म्हटलंही. पण उठले नाही. अण्णाची नोकरी ज्या वाक्यानं जाणार ते वाक्य यांनी पहिल्या झटक्यात लिहून घेतलं, आणि हे साधं वाक्य लिहायला यांचा हात दुखतो? कारकून आळशी असावा. मला इतका संताप आला होता की भीती कुठल्या कुठं गेली.

शेवटी साहेब म्हणाले, "लिहा." लिहून झालं. पुन्हा वाचून दाखवलं. मी सही केली.

साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "जबाब द्यायची ही तऱ्हा कुणी शिकवली तुम्हाला?"

"अण्णांनी," मी म्हटलं. आणि तिथं मात्र रडू आलं.

व्हरांड्यात आबासाहेबांनी विचारलं, काय सांगितलंत बाई? मी म्हटलं, तुम्ही बोललात ते. त्यांचा चेहरा उतरला. का, ते कळलं नाही. मी त्यांच्यावर तर काहीच आरोप केला नव्हता.

६ फेब्रुवारी, रविवार

अण्णाला निलंबित केलं. परभणीहून गाडी आली आणि आबासाहेबांच्या दोन पुतण्यांना घेऊन गेली. मुंजाजी मला म्हणाले, "बाई, तुमी नेमकं बोट ठिवलंत." कशावर ठेवलं, ते त्यांनी उलगडून सांगितलं तेव्हा मी घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. चौदा तारीख. जीप. गर्दी. सगळं माझ्याच अक्षरात इथं लिहिलेलं आणि मला दिसलं नाही! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

बालवाडीच्या खोलीला कुलूप आहे. लेकरं आता शाळेमागच्या लिंबाखाली बसवते. चांगुणाबाईनं मुलीला पाठवलं, सोबत बसायला एक गोणपाटही.

दुपारी अण्णा ओसरीच्या भिंतीला पाठ लावून बसला होता. मिशीची टोकं खाली आली आहेत. चौकशीनंतर तो माझ्याशी बोललेला नाही. आज म्हणाला, "काय सांगितलंस ते वाचून दाखव."

कागद माझ्याजवळ नव्हता. मी तोंडानं सांगितलं, पहिल्यापासून. 'शॉट झाल्यावर' आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले.

"अनुमान?"

"नाही सांगितलं."

"का गेलो न्हाई, विचारलं असंल."

"विचारलं. माहीत नाही म्हटलं."

"माहीत न्हाई तुला?"

"नाही. तू सांग."

तो सांगणार होता. "नीलू, त्या साली..." एवढं म्हणाला. तेवढ्यात फाटकाशी लेकरं गोळा झाली, हिरो बघायला. काड्या उगारून "थांबा! एक पाऊल पुढं!" ओरडत होती, फाटक धरून हलवत होती. माझ्याच बालवाडीतली. अण्णा उठला, आत गेला. कडी लावल्याचा आवाज आला. मी दार वाजवलं, उघडलं नाही.

पाच-सहा वर्षांची लेकरं होती! त्यांच्यासाठी कडी? मला इतका राग आला की मी फाटकापर्यंत जाऊन परत आले आणि नुसती उभी राहिले.

अण्णा भितो, असं वर लिहिलं होतं. ते मी पाहिलेलं नाही, त्याच्या तोंडून ऐकलेलंही नाही. खोडलं.